मेंदूतील साखर : डॉ. थुडिखुम यांचे संशोधन आणि आपण

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



या व्यासपीठावरून दरवर्षी बहुधा ज्ञातीतील एखाद्या कर्तबगार पुरुषाचे चरित्र सांगितले जाते आणि ते योग्यच आहे. आज आम्ही ज्यांच्याविषयी बोलणार आहोत ते गृहस्थ आपल्या ज्ञातीचे नाहीत, आपल्या देशाचे नाहीत, आणि त्यांना जाऊनही सव्वाशे वर्षांचा काळ लोटत आला आहे. आम्ही विषय कळविला तेव्हा चिटणिसांनी मोठ्या आस्थेने विचारले, "मेंदू आणि साखर? म्हणजे मधुमेहावर बोलणार काय?" तेव्हा प्रारंभीच सांगून टाकतो की, मधुमेहाविषयी आम्ही एक अक्षरही बोलणार नाही. मात्र या परक्या गृहस्थांचा आणि आपल्या मंडळाच्या वधूवर-सूचक शाखेचा काही एक संबंध आहे, आणि तो दाखविता यावा म्हणूनच आम्ही हे निमंत्रण स्वीकारले आहे.

प्रथम साखरेविषयी थोडे. मेंदूला साखर लागते, हे आपल्या घरातील वडीलधाऱ्यांस ठाऊकच आहे. परीक्षेला निघालेल्या मुलाच्या हातावर दहीसाखर पडते ती काही केवळ शकुनापुरती नव्हे, असे आपण म्हणतो. ते खोटे नाही. प्रौढ माणसाचा मेंदू दिवसाकाठी सुमारे 120 ग्रॅम द्राक्षशर्करा जाळून खर्च करतो. पण ती साखर चुलीतल्या लाकडासारखी आहे. जळली की संपली. आज आम्ही बोलणार आहोत ती साखर लाकूड नव्हे, घराची वीट आहे. मेंदूच्या घडणीतच ती चिणून बसविलेली असते. एका बाजूला स्निग्ध पदार्थ आणि दुसऱ्या बाजूला शर्करेचा कण, असे हे जोड-रेणू असतात. मेंदूपासून हातापायांपर्यंत जाणाऱ्या मज्जातंतूंवर विजेच्या तारेवर असावे तसे एक पांढरे वेष्टन असते. त्या वेष्टनातील स्निग्ध द्रव्याचा सुमारे पाचवा हिस्सा अशा शर्करायुक्त मेदाचा आहे. ही गोष्ट ज्यांनी प्रथम शोधून काढली त्यांचे नाव योहान लुडविग विल्हेल्म थुडिखुम.

यांचा जन्म 27 ऑगस्ट 1829 रोजी जर्मनीतील हेस प्रांतात ब्यूडिंगन या लहानशा गावी झाला. वडील धर्मोपदेशक व शिक्षक होते आणि ग्रीक भाषेचे जाणते पंडित होते. सोफोक्लीझची नाटके त्यांनी जर्मन भाषेत उतरविली होती. ही गोष्ट श्रोत्यांनी लक्षात ठेवावी, तिचे काम पुढे पडणार आहे. थुडिखुम वैद्यक शिकावयास गीसेन येथे गेले. त्या काळी गीसेन म्हणजे रसायनशास्त्राची काशी. युस्टस फॉन लीबिग यांची प्रयोगशाळा तेथे होती आणि देशोदेशींचे विद्यार्थी तेथे येत. वस्तू शुद्ध करावी, तिची तोलून-मापून फोड करावी आणि आकडे जुळल्यावाचून तोंड उघडू नये, हा लीबिग यांच्या शाळेचा दंडक थुडिखुम यांच्या हाडीमाशी खिळला.

1848 साली युरोपात क्रांतीची लाट उठली. तरुण थुडिखुम यांचा कल उदारमतवादी पक्षाकडे होता. 1850 साली श्लेस्विग-होल्श्टाइनच्या युद्धात ते शस्त्रवैद्य म्हणून स्वेच्छेने गेले, 1851 साली वैद्यकाची पदवी मिळाली, पण त्यांची राजकीय मते नोकरीच्या आड आली. 1853 साली ते मायदेश सोडून लंडनला गेले व तेथेच कायमचे राहिले. चोविसाव्या वर्षी परक्या मुलखात, परक्या भाषेत नव्याने संसार मांडणे म्हणजे काय, हे आपल्यापैकी ज्यांचे आजोबा गाव सोडून मुंबईत आले त्यांस सांगावयास नको.

लंडनमध्ये त्यांनी दवाखाना मांडला आणि पोटापाण्याची सोय करून उरलेल्या वेळात संशोधन चालविले. मूत्रपरीक्षेवर 1858 साली आणि पित्ताशयातील खड्यांवर 1863 साली त्यांचे ग्रंथ निघाले. 1865 साली सेंट टॉमस रुग्णालयातील रसायन-प्रयोगशाळेचे प्रमुखपद त्यांजकडे आले. याच सुमारास सर जॉन सायमन यांची त्यांच्यावर दृष्टी गेली. सायमन हे ब्रिटिश सरकारच्या वैद्यक खात्याचे मुख्य अधिकारी होते. पटकी आणि विषमज्वर यांसारख्या साथींनी माणसे पटापट मरत होती. शरीरात रोग शिरला म्हणजे तेथील द्रव्यांत नेमका कोणता बदल होतो, हे रसायनाच्या वाटेने शोधावे असे सायमन यांच्या मनात होते, व त्यासाठी थुडिखुम यांस सरकारी अनुदान मिळाले. थुडिखुम यांचे म्हणणे असे पडले की, बिघडलेल्या घड्याळाचा दोष काढावयाचा तर आधी चांगले घड्याळ उघडून पाहिले पाहिजे. निरोगी मेंदू कशाचा बनलेला असतो हेच जर ठाऊक नाही, तर रोगी मेंदूत काय बदलले हे सांगणार कसे? असे म्हणून त्यांनी मेंदूला हात घातला आणि पुढे आयुष्यभर तो सोडला नाही.

हे काम कसे चाले ते थोडे सविस्तर सांगतो, कारण शास्त्रज्ञ म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर पांढरा झगा आणि चकचकीत उपकरणे येतात. येथे तसे काही नव्हते. माणसांचे आणि बैलांचे मेंदू शेकड्यांनी आणावयाचे, त्यांवरील पातळ पडदे व रक्त काढून ते धुवावयाचे, कुटून चाळणीतून गाळावयाचे आणि गरम मद्यार्कात भिजत घालावयाचे. मद्यार्क थंड झाला की तळाशी पांढरा साका बसे. तो साका ईथरमध्ये धुवावयाचा, जे विरघळेल ते निराळे, जे न विरघळेल ते निराळे. मग त्यावर शिशाच्या क्षारांचा प्रयोग, मग पुन्हा मद्यार्क, पुन्हा थंड करणे, पुन्हा स्फटिक जमविणे. सुगरण जशी लोणी कढविताना तूप आणि बेरी यांची वेळ ओळखते तसा त्यांचा हात या कामात बसला होता. एकदा स्फटिक मिळाले म्हणून ते थांबत नसत. तेच स्फटिक पुनःपुन्हा विरघळवून पुनःपुन्हा जमवीत, आणि दरवेळी त्यांतील कर्ब, नत्र, स्फुरद यांचे प्रमाण तेच येते की नाही हे तपासत. प्रमाण हलले तर पदार्थ एकजिनसी नाही, असा साधा हिशेब होता.

अशा रीतीने त्यांच्या हाती काही पदार्थ असे लागले की ज्यांत स्फुरद मुळीच नव्हता. त्यांतील एकास त्यांनी आम्लाबरोबर उकळले तेव्हा त्याचे तीन तुकडे झाले. पहिला तुकडा मेदाम्लाचा, म्हणजे तुपातेलात असते त्या जातीचा. दुसरा तुकडा चवीला गोड आणि सर्व कसोट्यांस उतरणारी साखर! मेंदूतून निघालेली म्हणून तिला त्यांनी 'सेरेब्रोज' असे नाव दिले व मूळ पदार्थांच्या वर्गास 'सेरेब्रोसाइड' म्हटले; ते दुसरे नाव आजही चालू आहे. तिसरा तुकडा मात्र कोणत्याही ज्ञात वर्गात बसेना. त्याचा स्वभावच उमगेना. तेव्हा थुडिखुम यांनी त्याला ग्रीक कथेतील कोडी घालणाऱ्या राक्षसीवरून, स्फिंक्सवरून, 'स्फिंगोसीन' हे नाव दिले. ज्याच्या वडिलांनी सोफोक्लीझचे भाषांतर केले त्या घरात स्फिंक्सचे कोडे सोडविणाऱ्या ईडिपसची कथा मुलाने बाळपणीच ऐकली असणार, असा आमचा तर्क आहे. कोडे मात्र कठीण निघाले. स्फिंगोसीनची संपूर्ण रचना निश्चित व्हावयास 1947 साल उजाडले. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या हर्बर्ट कार्टर यांनी ते काम केले.

येथवर सर्व ठीक होते. पण शास्त्रातही भाऊबंदकी असते, आणि ती आपल्या भाऊबंदकीहून सौम्य असते असे मुळीच नाही. 1865 साली ऑस्कर लीब्राइख या जर्मन संशोधकाने असे जाहीर केले होते की, मेंदूत 'प्रोटॅगॉन' नावाचा एकच एक प्रचंड रेणू आहे आणि बाकीचे पदार्थ म्हणजे त्याची मोडतोड होय. हेच लीब्राइख पुढे झोपेच्या औषधामुळे नावारूपास आले. म्हणजे माणूस लेचापेचा नव्हता. थुडिखुम म्हणाले, हा प्रोटॅगॉन म्हणजे एक पदार्थ नव्हे. ती भेळ आहे. प्रोटॅगॉनच्या बाजूला जर्मनीतील वजनदार प्राध्यापक फेलिक्स होप्पे-झाइलर यांचा संप्रदाय उभा राहिला. विलायतेत मँचेस्टरचे प्राध्यापक आर्थर गॅम्जी यांनी 1879 साली प्रोटॅगॉनचे जोरदार समर्थन केले, आणि पुढील वर्षीच्या आपल्या ग्रंथात थुडिखुम यांच्या कामावर कठोर टीका केली. होप्पे-झाइलर यांच्या हाती या विषयाचे प्रमुख नियतकालिक होते, तर थुडिखुम यांचे निबंध सरकारी अहवालांच्या निळ्या पुठ्ठ्यांत पडून राहत. ते अहवाल वाचतो कोण?

थुडिखुम यांचा पक्ष खरा होता, हे आज आपण जाणतो. म्हणून त्यांचे सगळेच वागणे वाखाणावे असे मात्र आम्हांस वाटत नाही. लेखणी अतिशय तिखट होती. प्रतिपक्षाची चूक दाखविताना ते त्याची अक्कलही काढीत. 1879 साली त्यांनी स्वतःचे नियतकालिक काढून पाहिले. त्याचे दोनच खंड निघाले. 1884 साली मेंदूच्या रासायनिक घडणीवरील त्यांचा मोठा ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला, तोही उपेक्षेत गेला. सरकारी अनुदान संपले होते. मग घरातल्या प्रयोगशाळेत, पदरच्या पैशाने, नाक-कान-घशाचे रोगी तपासून उरलेल्या वेळात त्यांनी काम चालू ठेवले. कडवट होऊन ते कोपऱ्यात बसले नाहीत हे विशेष. हा माणूस मद्यांच्या जातींवर ग्रंथ लिही, आणि 1895 साली तर त्यांनी पाकशास्त्रावर एक जाडजूड पुस्तक प्रसिद्ध केले. मेंदूचे आणि मटणाचे रसायन एकाच दृष्टीने पाहणारा हा रसिक होता.

आपल्या ग्रंथात त्यांनी एक विचार मांडला आहे, तो त्या काळाच्या फार पुढचा होता. वेडाचे कित्येक प्रकार हे शरीरातच तयार होणाऱ्या विषांचा मेंदूच्या द्रव्यावर परिणाम होऊन उद्भवतात, जशी दारूने माणसाची मति फिरते तशी, असे त्यांस वाटे. आणि मेंदूचे रसायन पूर्ण कळल्यावर ही विषे ओळखता येतील अशी त्यांची उमेद होती. आपल्याकडे त्याच काळी अशा रोग्यास साखळदंड आणि देवऋषी यांखेरीज दुसरा उपाय कितीसा होता?

1890 साली हान्स थीरफेल्डर यांनी मेंदूतील साखर म्हणजे गॅलॅक्टोज होय असे सिद्ध केले. दुधातील साखर फोडली की द्राक्षशर्करा आणि गॅलॅक्टोज असे दोन भाग होतात. त्यांतील हा दुसरा. मेंदूच्या तारांचे वेष्टन आणि आईचे दूध यांत एकच साखर सापडावी, ही गोष्ट ऐकून मन क्षणभर थबकते. (दूध न पिणाऱ्याचा मेंदू अडून राहत नाही, हेही सांगितले पाहिजे, शरीर ही साखर द्राक्षशर्करेपासून स्वतः बनविते.) 'सेरेब्रोज' हे नाव गेले, पण शोध कायम राहिला. आणि गंमत अशी की, थीरफेल्डर हे होप्पे-झाइलर यांच्याच प्रयोगशाळेतून पुढे आलेले गृहस्थ होते. 7 सप्टेंबर 1901 रोजी थुडिखुम वारले. त्याच वर्षी त्यांच्या ग्रंथाची जर्मन आवृत्ती निघाली. 1907 साली लंडनमध्ये ऑटो रोझेनहाइम आणि क्रिस्टीन टेब या बाईंनी प्रोटॅगॉन हा स्वतंत्र पदार्थच नाही असे निर्विवादपणे दाखवून दिले. ते पाहावयास थुडिखुम नव्हते.

थीरफेल्डर यांच्या हाताखाली ट्यूबिंगन येथे एर्न्स्ट क्लेंक नावाचा तरुण तयार झाला. प्रतिपक्षाच्या घरातच थुडिखुम यांचा वारसा असा वाढला. क्लेंक पुढे कोलोन येथे गेले. लहानपणीच दगावणाऱ्या काही मुलांच्या मेंदूंत त्यांना एक नवाच शर्करायुक्त मेद साचलेला आढळला. मेंदूच्या करड्या भागातील पेशींत तो असतो म्हणून 1942 साली त्यांनी त्यास 'गँग्लिओसाइड' हे नाव दिले. सेरेब्रोसाइडात साखरेचा एकच मणी असतो, गँग्लिओसाइडात तीन, चार, पाच मण्यांची माळ असते आणि तिला आंबट जातीची आणखी एक शर्करा लटकविलेली असते. पुढे 1962-63 च्या सुमारास स्वीडनचे लार्स स्वेनरहोल्म यांनी या माळांची नीट वर्गवारी लावून त्यांस नावे दिली. पेशीच्या पृष्ठभागावर या माळा दारावरच्या पाटीसारख्या बाहेर डोकावतात. शेजारची पेशी त्या पाट्या वाचते.

त्या पाट्या चोरही वाचतात. पटकीचे जंतू आतड्यात एक विष सोडतात. असे विष आहे, आणि ते जंतूंवाचूनही तोच अतिसार घडवून आणते, हे 1959 साली कलकत्त्यात डॉ. शंभुनाथ डे यांनी सशांच्या आतड्यांवर प्रयोग करून दाखविले. पण ते विष पेशीला चिकटते कशाच्या आधाराने? 1971 साली ऑक्सफर्डच्या व्हान हेनिंगन यांनी व त्यांच्या अमेरिकी सहकाऱ्यांनी असे दाखविले की, गँग्लिओसाइड समोर ठेवले असता हे विष त्यालाच जाऊन बिलगते आणि निकामी होते. मेंदूत विपुल असणारी तीच साखरेची माळ आतड्याच्या पेशीवरही असते, आणि पटकीचे विष तिच्या कडीला हात घालून आत शिरते. ज्या साथींचे रसायन शोधा म्हणून सायमन यांनी थुडिखुम यांस नेमले, त्यांपैकीच एका साथीचे कुलूप शेवटी मेंदूच्या साखरेत सापडले. पंढरीच्या वाटेवर पटकीने गेलेल्या माणसांच्या गोष्टी ज्या घरांत अजून सांगितल्या जातात, त्यांस हे ऐकून काही वाटेल.

आता आम्ही मुख्य मुद्याकडे येतो. क्लेंक यांना ज्या मुलांच्या मेंदूंत हा मेद साचलेला दिसला, त्यांचा रोग 'टे-सॅक्स' या नावाने ओळखला जातो. लंडनचे नेत्रवैद्य वॉरेन टे यांनी 1881 साली आणि न्यूयॉर्कचे बर्नार्ड सॅक्स यांनी 1887 साली त्याचे वर्णन केले. मूल जन्मते ते गुटगुटीत, हसरे. चार-सहा महिने सर्व यथास्थित चालते. मग ते लहानशा आवाजानेही दचकू लागते. मान धरू लागलेले मूल मान टाकते, बसू लागलेले मूल बसेनासे होते, आईकडे पाहणारी नजर हळूहळू विझते. डोळ्याच्या आत तपासले तर एक लालभडक ठिपका दिसतो. बहुतेक मुले चार-पाच वर्षांच्या आत जातात. कारण एवढेच की, साखरेची ती माळ शरीर एकेक मणी काढून उसवीत असते आणि तो विशिष्ट मणी काढणारे विकर त्या मुलाच्या शरीरात नसते. 1969 साली ओकाडा आणि ओब्रायन या दोघांनी हा अभाव दाखवून दिला. एक मणी अडला की मागची सारी माळ तुंबते, आणि मेंदूच्या पेशी त्या साठ्याने फुगून मरतात.

यासारख्याच गोशे नावाच्या रोगावर अमेरिकेच्या रॉस्को ब्रॅडी यांनी उपाय काढला. त्यात सेरेब्रोसाइड साचते, पण मुख्यतः प्लीहा व यकृत यांत. बाळंतपणानंतर टाकून दिल्या जाणाऱ्या वारेतून हवे ते विकर काढावयाचे, त्याच्यावरील साखरेच्या माळेला थोडी कात्री लावून ते योग्य पेशीच्या पत्त्यावर जाईल असे करावयाचे आणि रोग्यास टोचावयाचे, असा तो उपाय. एका रोग्याच्या वर्षभराच्या औषधास हजारो वारा लागत. 1991 साली त्यास अमेरिकेत मान्यता मिळाली आणि हजारो रोगी उठून कामाला लागले. पण रक्तातून मेंदूत शिरणारी वाट निसर्गाने बंद ठेवली आहे; म्हणून टे-सॅक्सच्या मुलांस असा उपाय लाभला नाही.

हा दोष आई आणि बाप या दोघांकडूनही यावा लागतो. एकाचकडून आला तर मूल सुदृढ राहते, फक्त दोष पुढे वाहून नेते. त्यास वाहक म्हणतात. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक खेपेस चारांत एक मूल रोगी होण्याचा संभव असतो. मध्य व पूर्व युरोपातील यहुदी समाजात शेकडो वर्षे आपसातच सोयरिकी झाल्या, त्यामुळे तेथे सुमारे तिसांत एक माणूस वाहक आहे. इतरत्र हेच प्रमाण सुमारे तीनशेंत एक आहे. 1971 साली डॉ. मायकेल काबाक यांनी अमेरिकेत यहुदी जोडप्यांची रक्ततपासणी सुरू केली. परंतु जे सनातनी यहुदी गर्भपात निषिद्ध मानतात त्यांचे काय? न्यूयॉर्कचे रब्बी योसेफ एकस्टाइन यांची चार मुले या एकाच रोगाने गेली. 1983 साली त्यांनी 'दोर येशोरिम' ही संस्था काढली. शाळेतील मुलामुलींचे रक्त तपासावयाचे. निकाल कोणासही, त्या मुलांसही, सांगावयाचा नाही. फक्त एक क्रमांक द्यावयाचा. पुढे स्थळ आले की दोन्ही घरांनी दोन्ही क्रमांक संस्थेस कळवावयाचे, आणि संस्थेने 'जुळते' अथवा 'जुळत नाही' एवढेच उत्तर द्यावयाचे. माणसाला त्याच्याच शरीराची माहिती नाकारणे योग्य नव्हे, असा आक्षेप या पद्धतीवर घेतला गेला आहे, आणि तो आम्हांस पोकळ वाटत नाही. परंतु यहुदी समाजात या रोगाने मरणाऱ्या बालकांची संख्या या सर्व तपासणीमुळे नव्वद टक्क्यांहून अधिक घटली आहे.

आता कोणी म्हणेल, तो यहुद्यांचा रोग, त्याचा आपल्याशी काय संबंध? अहमदाबाद येथील संशोधकांनी 2014 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, गुजराती कुटुंबांतील टे-सॅक्सच्या रोग्यांत एकच विशिष्ट दोष वारंवार आढळतो असे दिसून आले. तो कोणा एका जुन्या पूर्वजाकडून आला असावा. मुंबईचे मज्जाविकारतज्ज्ञ डॉ. भीमसेन सिंघल यांना मेंदूच्या पांढऱ्या भागाचा एक आनुवंशिक विकार एका व्यापारी समाजात विशेष आढळला; तो साखरेचा रोग नव्हे, पण कारण तेच, पिढ्यान्‌पिढ्या आपसातल्या सोयरिकी. थॅलसेमिया या रक्ताच्या रोगासाठी तर आपल्या देशातील काही समाज लग्नाआधी तपासणी करूनही घेतात.

आपला समाज लहान आहे. चार आडनावे सांगितली की कोण कोणाचा कोण हे येथील प्रत्येक आजी सांगू शकते. आपण सगोत्र विवाह टाळतो खरे, पण गोत्र बापाकडून चालते. मामाची मुलगी करावयास आपल्यात आडकाठी नाही, उलट हौस आहे. पत्रिका पाहताना एकनाड निघाली तर संततीला बाधा येईल म्हणून चांगली स्थळे आपण मोडतो. त्या नाडीचा रक्ताशी काही संबंध नाही, तरी संततीची काळजी म्हणून आपण ती पाहतो. मग ज्या नाडीचा खरोखर संबंध आहे ती पाहावयास आपण का कचरावे?

आपल्या समाजात टे-सॅक्स आहे असे आमचे म्हणणे नाही. पण एखाद्या घरात लागोपाठ मुले याच रीतीने मान टाकून, नजर विझून गेली, आणि सासूने सुनेच्या पायगुणाला बोल लावला, असे आपल्यापैकी कोणी ऐकले नाही काय? त्या सुनेचा जितका वाटा तितकाच सासूच्या मुलाचा असतो, हे थुडिखुम यांच्या साखरेने आता सिद्ध केले आहे.

वधूवर-सूचक शाखेच्या नोंदणीपत्रात रक्ततपासणीचा एक रकाना घालावा, अशी सूचना काही तरुण मंडळींनी आमच्याकडे केली होती. आम्हांस ती मान्य नाही. तो रकाना चार लोकांच्या हाती पडेल आणि वाहक मुलीच्या कपाळी विनाकारण डाग बसेल. मुलाला कोणी काही विचारणार नाही. वाहक असणे हा रोग नव्हे, आणि दोन वाहकांची गाठ पडू नये एवढेच पाहावयाचे आहे. म्हणून तपासणी ऐच्छिक असावी, मुलगा आणि मुलगी या दोघांचीही व्हावी, कोणत्या रोगांसाठी करावी हे आनुवंशशास्त्राच्या तज्ज्ञास विचारून ठरवावे, निकाल ज्याचा त्यालाच बंद पाकिटात मिळावा आणि मंडळाच्या दप्तरात त्याची कोठेही नोंद राहू नये, असा ठराव आम्ही लेखी तयार केला आहे. गरीब कुटुंबांस तपासणीचा खर्च झेपणार नाही. तो शिक्षणनिधीच्या व्याजातून करता येईल काय, हा प्रश्न खजिनदारांनी पाहावा. ठरावाची प्रत आज सकाळीच चिटणिसांच्या स्वाधीन केली आहे. अनुमोदकाची जागा अद्याप मोकळी आहे.